वाळवीनं खाल्लेलं नाव

धुळ्यात देवपूर भागात पंडित नानांचं घर विचारलं, की कोपऱ्यावरचा चहावाला आधी विचारणाऱ्याच्या हातातली पिशवी बघतो. पिशवीत कागद असले तर तो बोटानं घर दाखवतो आणि बजावतो, "चप्पल बाहेर काढा, आणि कागदाला थुंकी लावू नका, नाना हाकलून देतील." चहावाला अतिशयोक्ती करत नाही. नानांनी एका वकिलाला खरोखरच हाकलून दिलं होतं.

चौतीस वर्षं महसूल खात्यात कारकुनी, त्यातली शेवटची बारा जुन्या दप्तराच्या खोलीत. निवृत्तीनंतर नानांनी सगळ्यात आधी एक चांगलं भिंग विकत घेतलं. लोक वाटणीपत्राच्या नकला आणतात, पणजोबाचा शाळेचा दाखला आणतात, देवळाच्या जागेबद्दल कोणीतरी कधीतरी लिहून दिलेली चिठ्ठी आणतात. नाना मजकूर वाचतच नाहीत. आधी कागद पालथा घालतात, घड्या बघतात, शाई बघतात. मग समोरच्याला विचारतात, हे लिहिणारा तेव्हा तिथं हजर होता का? किती दिवसांनी लिहिलं? खोटं लिहून त्याचा काय फायदा होता? बहुतेकांची उत्तरं तिथंच संपतात, आणि नानांच्या मिशीखाली एक लहानसं हसू येतं. यशोदाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते हसू मुळीच आवडत नाही. त्या म्हणतात, या माणसाला दुसऱ्याचा आजोबा खोटा निघाला की जेवण गोड लागतं. नानांचं बोलणंही असं, की लग्नानंतर भाजी पहिल्यांदा खारट झाली तेव्हा नवरा म्हणाला होता, "सदर भाजीत मीठ जास्त पडलेलं दिसतं."

श्रावण लागल्यावरच्या पहिल्या मंगळवारी लताबाई नानांकडे आल्या. साठीच्या, सडपातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोंडाईच्याच्या अलीकडच्या धामणखेडीहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एकच कागद काढला आणि हातात तसाच धरून ठेवला.

"नाना, हाऊ कागद खरा शे का खोटा, इतलंच सांगा."

"अक्का, आधी प्रकरण सांगा. क्रमानं," नाना म्हणाले.

प्रकरण असं होतं. त्यांच्या भाऊबंदकीत दर श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, गहू मोजायचा तो माणसागणिक. थोरली सून एकेका पुरुषाचं नाव घेणार आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकणार. या घराण्यातली जास्तीची रीत म्हणजे नाव घेतलं की ज्याचं त्यानं "शे" म्हणून उत्तर द्यायचं. म्हणजे आहे, हजर आहे. कोणी सुरतेला असला, पुण्याला असला, तर त्याची आई नाहीतर बायको त्याच्या वतीनं "शे" म्हणते. मूठ फक्त जित्या माणसाची. मेलेल्याच्या नावाची मूठ त्या गव्हात पडली तर रोट बाटतात, असं तिकडं मानतात.

लताबाईंचा नवरा नथ्थू सत्त्याऐंशी साली रोट झाल्यावर दुसऱ्याच दिवशी घरातून गेला. पूर्वेकडे केळीच्या पट्ट्यात मालाची भरणी करायला चाललो, पोळ्याला येतो, म्हणाला. आला नाही. पोळे येऊन गेले. लताबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, पोटी मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी दोनदा न्यायला माणूस पाठवला, त्या गेल्या नाहीत. दर श्रावणात थोरल्या जावेनं नथ्थूचं नाव घेतलं की त्या "शे" म्हणत आल्या. अडतीस वर्षं.

"मागला साले," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. यशोदाबाईंनी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. "मागला साले जावनी नाव लिधं. मी तोंड उघाडाना पहिले बाहेरथीन कोन तरी बोलनं. 'शे.'"

ओट्यावर कोणी नव्हतं. सगळे पुरुष आत बसले होते, एकूणएक. दुपारचे बारा वाजलेले, अंगणात ऊन, आणि दारात उभं राहायला सावलीही नव्हती. जावेच्या हातातला गहू सांडला. त्या वर्षीचे रोट झाले, पण घास कोणाच्या घशाखाली उतरेना.

तेव्हापासून भाऊबंदकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुतण्या दीपक जळगावला पाइपच्या कारखान्यात आहे. माणूस वाईट नाही, पण घरात दोन लहान पोरं, त्याचा जीव धास्तावला. तो सुटी काढून केळीच्या पट्ट्यात गावोगाव हिंडला आणि तापीकाठच्या एका गावच्या मृत्यूच्या रजिस्टरातून ही प्रत घेऊन आला. नथ्थू भिला पाटील, राहणार धामणखेडी, वय पंचवीस, तापीत बुडून मृत्यू. तारीख रोटांनंतर नवव्या दिवसाची. येत्या शनिवारी गहू मोजायचा होता. कागद खरा असेल तर नथ्थूचं नाव घ्यायचं नाही, आणि लताबाईंनी सुपाला हात लावायचा नाही.

"तो नदीमा बुडना व्हता ते कोनी तरी वयखता ना," लताबाई म्हणाल्या. "त्याना दंडवर मारुती गोंदेल व्हता..."

"थांबा, थांबा!" नानांनी हात वर केला. "असं काही सांगायचं नसतं मला. तपासणाऱ्याला आधी सांगितलं, की त्याला तेच दिसायला लागतं."

पण शब्द पडायचा तो पडला होता. नानांनी कागद भिंगाखाली घेतला. पाचच मिनिटांत त्यांची कळी खुलली.

"हे मूळ रजिस्टर नाही. ही नक्कल आहे, आणि तुम्हाला दिलीय ती नकलेची छायाप्रत. बघा, जानेवारी ते डिसेंबर, सगळ्या नोंदी एका पेनानं. वर्षभर माणसं मरत होती आणि लिहिणाऱ्याचा हात एकदाही हलला नाही? एका बैठकीत लिहिलंय सगळं. मूळ पान खराब झालं असणार आणि कोणा शहाण्यानं बसून उतरवून काढलं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अक्का, खोटं बोलणारा माणूस परवडला. त्याचं खोटं कुठंतरी उघडं पडतं. मला धास्ती असते ती मदत करणाऱ्या कारकुनाची. रिकामी जागा त्याला बघवत नाही."

लताबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते बघून यशोदाबाई उठून आत निघून गेल्या. नाना मात्र रंगात आले होते. कागद इथंच राहू द्या म्हणाले, गुरुवारी मी स्वतः गावात येऊन साक्षी घेतो म्हणाले. वास्तविक साक्षी घ्यायची काही गरज नव्हती. पण ओट्यावरून आलेला तो आवाज नानांना गप्प बसू देईना.

गुरुवारी धामणखेडीत नानांनी एकेकाला वेगळं बसवलं. गेल्या वर्षी गहू मोजताना चौदा माणसं हजर होती. प्रत्येकजण छातीठोकपणे सांगत होता, मी ऐकलं. नाना विचारत, तुम्ही आधी ऐकलं की आधी दुसऱ्या कोणाला दचकताना पाहिलं? मग माणूस अडखळे. दीपकनं आठवून आठवून सांगितलं, काकूनं मान वळवली म्हणून माझं लक्ष गेलं. थोरल्या जावेनं सांगितलं, समोरचे सगळे दाराकडं बघायला लागले, तेव्हा माझ्या कानात शिरलं. लताबाईंनीही डोळे मिटून विचार केला आणि कबूल केलं, की आवाजाच्या आधी समोर बसलेले भटू आबा दाराकडं वळले होते. प्रत्येकाचा धागा दुसऱ्याच्या हातात जात होता. नाना खुशीत येऊ लागले. चौदा साक्षीदारांचा एक साक्षीदार झाला, की बाकीचं काम सोपं असतं.

तो एक म्हणजे भटू आबा, नथ्थूचे चुलते, नव्वदीकडं झुकलेले. ते ओट्यावर खाटेवर बसले होते. नानांनी समोर बसून विचारलं, "आबा, तुम्ही दाराकडं का बघितलंत?"

आबांनी नानांच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. मग दीपक नानांच्या कानाशी लागला, "आबा सहा वर्षांपासून ठार बहिरे आहेत. ओठ बघून बोलतात."

नानांनी तोच प्रश्न सावकाश, ओठ हलवून पुन्हा विचारला.

"बोलनं ना कोन तरी," आबा म्हणाले. "माले काहीच ऐकू येत नही. ढोल वाजना तरी नही. पन ते ऐकू उनं."

"आवाज कोणाचा होता?"

"माले आते कोनाच आवाज याद नही. मना बायकोनाबी नही. मंग वयखू कसा?"

नानांनी वही मिटली. त्यांच्या सगळ्या कसोट्या त्या म्हाताऱ्याला लावून झाल्या होत्या. तो तिथं हजर होता, खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं, आणि दुसऱ्याचं ऐकून सांगतोय म्हणावं तर त्याला ऐकूच येत नव्हतं. इतका खरा साक्षीदार नानांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता. अंगणात ऊन तसंच पडलं होतं. नाना मात्र परतीची एसटी येईपर्यंत भिंतीला पाठ लावून बसले.

धुळ्याला घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. कागद टेबलावर मंगळवारपासून उघडाच पडला होता. यशोदाबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवायला कागद बाजूला सारू लागल्या, आणि त्यांचा हात थांबला.

"अहो, हे तर तुमचं अक्षर."

"काहीतरीच. माझं अक्षर असं आहे का?"

"आताचं नाही. लग्नाच्या आधीचं." नानांचा उजवा हात लग्नाच्या वर्षीच मोडला होता आणि नंतर अक्षर बदललं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. यशोदाबाई आत गेल्या, ट्रंकेतून एक जुनं पत्र घेऊन आल्या आणि कागदाशेजारी उलगडून ठेवलं. साखरपुड्यानंतर नानांनी त्यांना लिहिलेलं पहिलं पत्र. त्यावर तारीख होती, महिन्याच्या नावाखाली दुहेरी रेघ होती. नकलेवर बारा महिन्यांच्या नावांखाली बारा दुहेरी रेघा होत्या.

या साक्षीदारालाही खोटं बोलून काही मिळायचं नव्हतं. नानांनी चहाला हात लावला नाही.

नोकरीला लागून वर्ष झालं होतं, तेव्हा ते पूर्वेकडच्या एका तालुक्यात होते. एका गावच्या चावडीतल्या दप्तराला वाळवी लागली म्हणून ते उतरवून काढायला साहेबांनी त्यांना धाडलं होतं. आठवायला लागलं तसं सगळंच आठवू लागलं. ओलसर खोली, मातीचा वास, आणि शेजारी उकिडवा बसलेला गावचा कोतवाल जीवराम. वाळवीनं पानाची डावी बाजू खाल्ली होती. तारीख, वय, मृत्यूचं कारण शाबूत होतं, काही ओळींतलं नाव तेवढं गेलं होतं. साहेबांनी सांगितलं होतं, एकही रकाना मोकळा दिसता कामा नये. मग नानांनी विचारावं, "हा कोण रे?" आणि जीवरामनं छताकडं बघून सांगावं, हा अमका असंल. हा तमका. त्या साली भरणीच्या टोळीतला धामणखेडीचा नथ्थू अचानक दिसेनासा झाला होता, तर हा तोच असंल. जीवराम सांगत होता आणि पंडित पाटील, वय पंचवीस, सुवाच्य अक्षरात लिहीत होता. महिन्यांखाली दुहेरी रेघा ओढत होता.

उजव्या बाजूचा शेरा वाळवीनं खाल्ला नव्हता. पण नव्या छापील रजिस्टरात शेऱ्याचा रकानाच नव्हता, म्हणून तो नानांनी सोडून दिला. म्हणजे जे ऐकीव होतं ते ठेवलं आणि जे पाहून लिहिलेलं होतं ते टाकलं. मूळ पानं त्याच संध्याकाळी चावडीमागं जाळली.

आणि आता टेबलाशी बसल्याबसल्या त्या ओळीचा शेरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. फिकट निळी शाई, घाईतली लिपी, अगदी स्पष्ट. पण त्या शेऱ्यात मारुती होता. आणि मारुती तर परवा लताबाईंनीच त्यांच्या कानात घातला होता. छत्तीस वर्षांपूर्वी वाचलेलं आठवतंय, की परवा ऐकलेलं डोकं आता निळ्या शाईत लिहून दाखवतंय? दुसरा कोणी साक्षीदार असं बोलता तर नानांनी त्याला दारातूनच परत धाडला असता. शहाणपण पाजळण्यात जन्म गेला, आणि आपल्याच डोक्यातल्या कागदाची शाई त्यांना ओळखता येईना. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी, आणि ती त्यांनी यशोदाबाईंना बोलून दाखवली.

"मग सगळंच सांगा जाऊन," यशोदाबाई म्हणाल्या. "खरं कोणतं ते त्यांना ठरवू द्या. आयुष्य त्यांचं गेलंय."

शुक्रवारी सकाळी नाना पुन्हा धामणखेडीत. लताबाई ओसरीत उद्याचा गहू निवडत होत्या. दीपक दाराशी उभा होता. नाना चप्पल काढून खाली जमिनीवरच बसले आणि त्यांनी कार्यालयीन मराठी बाजूला ठेवली.

"अक्का, हे रजिस्टर मी लिहिलंय. नाव मी घातलंय, कोतवालाच्या अंदाजानं. त्या नावाला काडीची किंमत नाही. मला माफ करा म्हणायला तोंड नाही."

लताबाईंचे हात सुपात थांबले. "मंग कागद खोटा."

"खोटा." नाना म्हणाले. "इथं थांबलो असतो तर बरं होतं. पण एक राहिलंय. मूळ पानावर एक शेरा होता, तो मी उतरवला नाही. तो मला आठवतोय असं वाटतं. भरवसा ठेवू नका, कारण तुम्ही मंगळवारी गोंदणाचं बोललात, त्यातून माझ्या मनानं तो रचला असेल."

"काय लिखेल व्हतं?"

"केळीच्या मळ्यातल्या माणसांनी अग्नी दिला, असं. आणि दंडावर मारुती गोंदलेला." नाना जमिनीकडं बघत म्हणाले. "शेपूट नाही, असं लिहिलेलं होतं. बिनशेपटीचा मारुती. मी आणि जीवराम ते वाचून हसलो होतो, अक्का. पोट धरून हसलो होतो."

लताबाईही हसल्या. एकदम, तोंडाला पदर लावून, नव्या नवरीसारख्या. दीपक चकित होऊन बघत राहिला. त्याच्या जन्मात त्यानं काकूला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"सारंगखेडानी जत्रामा गोंदाले बसना," त्या म्हणाल्या. "मारुती व्हयना, आनि शेपूटना पहिले त्याले चक्कर उनी. उठीसन पयी गया. लोक हसतीन म्हनीसन लांब बाहीना सदरा घाले. कोनले दखाडं नही, मायलेबी नही. मी त्याले चिडाडू, शेपूट नही ते लंका कसाघाई जाळशी?"

हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. नानांना मारुती सांगितला होता तो त्यांनीच, पण शेपटीचं त्या अडतीस वर्षांत कोणापाशी बोलल्या नव्हत्या. आता नानांच्या डोक्यातला कागद खरा की खोटा, हे तपासायला भिंगाची गरज उरली नव्हती. ओसरीतल्या तिघांनाही ते कळलं.

"काकू," दीपक चाचरत म्हणाला, "मंग कागद खरा शे का?"

"कागद खोटा शे," लताबाई म्हणाल्या. "पन उद्या त्यानं नाव नका ल्या."

त्यांनी सूप उचलून दीपकच्या हातात दिलं. उद्यापासून त्यांचा त्याला हात लागायचा नव्हता, ते त्यांनी आजच सोडलं. मग उठायला लागलेल्या नानांना त्यांनी हातानं थांबवलं.

"वाळवीनी खायेल नावं कितला व्हतात, नाना?"

नानांनी डोळे मिटून ते पान आठवलं. खोटं बोलावंसं त्यांना फार वाटलं. "अकरा."

"मंग मी एकली नही, आखो दहा बाया शेतीस," लताबाई म्हणाल्या.